वाचकांचे प्रश्न : फॉर्म भरला, पण पाणी चढते का?

मागील अंकात जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावयाच्या अग्निसुरक्षा प्रमाणपत्राविषयी एक छोटी टीप छापली होती. तिच्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे बरीच लांब असल्याने त्यांतील मूळ प्रश्न तेवढा घेतला आहे आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. प्रस्तुत लेखकाच्या आयुष्याचा बराच काळ इमारतींची तपासणी करण्यात गेला असल्यामुळे कुठे स्वर कडक झाला असेल, तर तो नोकरीचा दोष समजावा.

प्रश्न : आमची चौदा मजली सोसायटी १९९८ साली बांधलेली आहे. गेल्या महिन्यात अग्निशमन दलाची नोटीस आली. कार्यकारिणीतील ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, आपण महापालिकेला कर भरतो, तेव्हा दरवर्षी येऊन तपासणी करणे हे दलाचेच काम आहे. दुसरीकडे एक एजन्सी इमारत न पाहताच प्रमाणपत्र देण्यास तयार आहे आणि तिचा दर निम्मा आहे. काय करावे? (सोसायटीचे सचिव, मुलुंड)

उत्तर : ज्येष्ठ सभासदांचा हा समज मुंबईत जवळजवळ सार्वत्रिक आहे आणि बहुतेक घोटाळे त्यातूनच सुरू होतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. इमारतीतील आगप्रतिबंधक व्यवस्था बसवणे, ती कायम चालू स्थितीत ठेवणे आणि ती तशी आहे याचा पुरावा देणे, ही जबाबदारी या कायद्याच्या कलम ३ ने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे; सोसायटीच्या बाबतीत व्यवहारात ती कार्यकारिणीवर येते. दलाच्या अधिकाऱ्याने दरवर्षी प्रत्येक इमारतीचा जिना चढावा, अशी या कायद्याची रचनाच नाही. परवानाधारक संस्थेकडून व्यवस्था तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, 'नमुना ब'मधील प्रमाणपत्र आपणच दलाला सादर करावयाचे असते. 'नमुना अ' निराळा आहे : तो व्यवस्था नव्याने बसवल्यावर दिला जातो. मला अनेक सचिवांनी बिल्डरच्या काळातील ना हरकत प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून अभिमानाने दाखवले आहे, परंतु त्या कागदाने आजच्या पंपाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

नोटिशीकडे दुर्लक्ष केल्यास दल वीज व पाणीपुरवठा तोडण्याची कारवाई करू शकते आणि खटलाही भरू शकते. कायद्याच्या कलम ३६ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि २०,००० ते ५०,००० रुपयांचा दंड सांगितला आहे.

आता त्या निम्म्या दराच्या प्रमाणपत्राविषयी. ते घेऊ नये. व्यवस्था प्रत्यक्षात चालू स्थितीत नसताना तसे प्रमाणपत्र देण्यास कलम १० ने परवानाधारक संस्थेला मनाई केली आहे, आणि इमारतीत पाऊलही न टाकणाऱ्या माणसाला व्यवस्था चालू आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. संस्थेचा परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडून मिळतो. त्याची मुदत आणि तो कोणत्या कामांसाठी दिला आहे हे सही करण्यापूर्वी पाहावे. खरी संस्था कोणती, हे ओळखण्याची माझी कसोटी मात्र याहून सोपी आहे. तिच्या माणसाला सर्वांत वरच्या मजल्यावर न्यावे, वेट रायझरच्या, म्हणजे आगीसाठी प्रत्येक मजल्यावर पाणी चढवणाऱ्या उभ्या पाइपाच्या, व्हॉल्व्हला पाइप जोडून तो गच्चीवर आणावा आणि पाणी सोडायला सांगावे. खाली कोणीही बटण न दाबता पंप आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि दाबमापकावर दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या आसपास दाब दिसला पाहिजे. जो माणूस हे करण्यास कुरकुर करतो, त्याच्या सहीला किंमत नाही.

पाणी चढले नाही तर दोष बहुधा पुढीलपैकी एखाद्या ठिकाणी सापडतो, आणि यांपैकी एकही दोष कागदावर दिसत नाही. जॉकी पंप म्हणजे पाइपातील दाब कायम राखणारा लहान पंप. कुठेतरी बारीक गळती असली की तो रात्री-अपरात्री सुरू होतो, पहिल्या मजल्यावरचे रहिवासी आवाजाची तक्रार करतात आणि वॉचमन पॅनेलचा खटका 'ऑटो'वरून काढून ठेवतो. तो खटका पुढे अनेक महिने तसाच राहतो. दुसरी जागा म्हणजे जमिनीखालची टाकी. मे महिन्यातील पाणीकपातीत आगीसाठी राखलेले पाणी घरगुती वापरासाठी उपसले जाते आणि पावसाळा आला की त्याची आठवण कोणालाच राहत नाही. तिसरी गोष्ट सांगताना मला अजूनही हसावे की रडावे हे कळत नाही : होज बॉक्समधील पितळी नोझल भंगारात चांगल्या भावाने जाते, म्हणून अनेक इमारतींत पेटी आहे, काच आहे, पाइपही आहे, पण नोझल तेवढे नाही.

नोटिशीला लेखी उत्तर द्यावे, दुरुस्तीचे काम कोणाला दिले ते कार्यादेशासह कळवावे, आणि खर्चाची मंजुरी सर्वसाधारण सभेत घेऊन इतिवृत्तात नोंदवावी. सभासदांनी खर्च नाकारला तर तेही नाव-आडनावासह नोंदवावे. नोंद होणार हे कळल्यावर विरोध बराच मवाळ होतो, असा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दोन वर्षांपूर्वीच झाले आहे. तरीही फायर ऑडिट वेगळे करावे लागते का? (एक सभासद, विलेपार्ले)

उत्तर : होय. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब अन्वये करावी लागते. तिच्यात खांब, तुळया, स्लॅब आणि गळती पाहतात. अग्निसुरक्षेची तपासणी वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या परवान्याच्या माणसाकडून होते. मजबूत इमारतीतही धूर कोंडतो.

प्रश्न : आमची गिरगावातील चाळ शंभर वर्षांच्या घरातली आहे. लाकडी जिना, लाकडी गॅलरी, प्रत्येक मजल्यावर बारा बिऱ्हाडे. स्प्रिंकलर आणि वेट रायझरच्या गोष्टी आम्ही वर्तमानपत्रात वाचतो. आमच्यासारख्यांना हे नियम लागू आहेत की नाहीत? मालक लक्ष घालत नाही आणि आम्ही भाडेकरू. (एक भाडेकरू, गिरगाव)

उत्तर : आपल्या पत्राने मला थोडे थांबवले, कारण अग्निसुरक्षेविषयीचे आपल्याकडचे बहुतेक लेखन टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी असते, आणि दक्षिण मुंबईत हजारो कुटुंबे अजूनही सागवानी जिन्यावरून ये-जा करतात. कायदा 'मालक किंवा भोगवटादार' असा शब्दप्रयोग करतो. भोगवटादारात आपणही येता, म्हणून मालक उदासीन आहे हे सांगून आपली सुटका होत नाही. मात्र कोणत्या इमारतीत कोणती व्यवस्था हवी हे तिची उंची, वापर आणि आकारमान यांवरून ठरते, आणि जुन्या लाकडी चाळीत टॉवरची यंत्रणा बसवा असा आग्रह कोणीही जाणता अधिकारी धरणार नाही. तिथे पाहावयाच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या स्वस्तही आहेत.

सर्वांत आधी वीज. चाळीतील खोलीत मूळ वायरिंग घातले गेले तेव्हा दोन दिवे आणि एक पंखा एवढाच भार होता. आज त्याच खोलीत फ्रीज, गिझर, मायक्रोवेव्ह आणि पोटमाळ्यावर एसी चालतो. जुन्या तारेवर सतत जादा भार पडला की तिचे आवरण आतल्या आत कडक होऊन तडकते, आणि ठिणगी पडते तेव्हा शेजारी सुकलेले लाकूड असते. मीटरपर्यंतची बाजू वीजपुरवठा करणाऱ्या संस्थेची, म्हणजे शहर भागात बेस्टची असते. मीटरपासून पुढची आपली. तेव्हा आपल्या बाजूला योग्य क्षमतेचे एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारे खटके) आणि विजेची गळती ओळखणारा ब्रेकर बसवून घेणे आपल्याच हाती आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार बांधणारा वायरमन मोठा उपकारी वाटतो, पण त्याने आगीला अडवणारा एकमेव पहारेकरी काढून टाकलेला असतो. मीटरच्या पेट्या जिन्याखाली असतील, तर तिथे सायकली, जुने पेपर, गणपतीच्या मखराचे थर्माकोल आणि होळीची लाकडे ठेवणे ताबडतोब बंद करावे. एकच जिना असलेल्या इमारतीत जिन्याखाली लागलेली आग म्हणजे सर्वांचा रस्ता बंद.

गॅस सिलिंडरची रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी. रात्री रेग्युलेटर बंद करण्याची आपल्या आजीची सवय बरोबर होती. प्रत्येक मजल्यावर एक एबीसी पावडरचे अग्निशामक सिलिंडर ठेवावे. तो घन वस्तू, तेल आणि गॅस या तिन्ही प्रकारच्या आगींना चालतो आणि विजेच्या आगीवरही वापरता येतो. बारा बिऱ्हाडांत वाटल्यावर हा खर्च फारसा राहत नाही. त्याच्यावरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे मजल्यावरच्या एखाद्या शाळकरी मुलाला दर रविवारी पाहायला सांगावे. मुले हे काम मोठ्यांपेक्षा नेमाने करतात.

इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत असेल, तर जिन्याची आणि गॅलरीची दुरुस्ती हा म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या कक्षेतील विषय आहे. मंडळाला अर्ज करताना नुसते 'जिना मोडकळीस आला आहे' असे न लिहिता 'आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा हा एकमेव मार्ग आहे' हे वाक्य अवश्य घालावे आणि त्याची प्रत जवळच्या अग्निशमन केंद्राला द्यावी. पुनर्विकासाची वाट पाहत दुरुस्ती थांबवण्याची सवय मी गिरगावापासून लालबागपर्यंत पाहिली आहे. पुनर्विकास पंधरा वर्षे लांबू शकतो आणि तेवढी वर्षे माणसे त्याच जिन्यावरून उतरत असतात.

प्रश्न : आमच्या सात मजली इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये तळमजल्यावरील दुकानदार कापडाचे गठ्ठे ठेवतो. तिथेच विजेवरच्या दुचाक्या चार्जिंगला लावलेल्या असतात. तक्रार केली की भांडण होते. तक्रार नेमकी कोणाकडे आणि कशी करावी? (एक रहिवासी, कांदिवली)

उत्तर : आपल्यापासून फार दूर नसलेल्या गोरेगावात ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील एका इमारतीच्या पार्किंगमध्ये आग लागली. तिथे वाहने होती आणि जुन्या कपड्यांचे ढीगही होते. ज्वाळा खालीच राहिल्या तरी धूर जिन्याच्या पोकळीतून वर चढला आणि झोपेतली माणसे त्यात सापडली. आपल्या पत्रातले वर्णन जवळजवळ तेच आहे, म्हणून भांडणाची भीती बाजूला ठेवावी.

पार्किंगसाठी मंजूर झालेल्या जागेचा गोदाम म्हणून वापर करणे हा मंजूर नकाशाचा भंग आहे, तेव्हा एक अर्ज विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने खात्याकडे द्यावा, आणि दुसरा आपल्या भागातील अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्याकडे. दोन्हींवर तारीख आणि पोच घ्यावी. अर्ज शक्यतो सोसायटीच्या लेटरहेडवर असावा. ते जमत नसेल तर चार-पाच रहिवाशांच्या सह्या घ्याव्यात, कारण एकट्याची तक्रार आली की तिला शेजाऱ्यांचे वैर समजण्याकडे कल असतो. सोबत छायाचित्रे द्यावीत आणि जिना गठ्ठ्यांपासून किती पावलांवर आहे हे लिहावे. 'जीवितास धोका' या शब्दांपेक्षा असे अंतर वाचणाऱ्याला लवकर हलवते.

महिनाभरात काही घडले नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून आपल्या तक्रारीवर झालेल्या पाहणीच्या अहवालाची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पाहणी झालेलीच नसेल, तर तसे लेखी उत्तर देण्यापेक्षा पाहणी करून टाकणे कार्यालयाला सोयीचे वाटते, आणि आपले काम होते.

चार्जिंगविषयी : जिन्याच्या तोंडाशी आणि मीटर रूमच्या भिंतीला लागून चार्जिंग नको. एक्स्टेन्शन बोर्डवरून तर मुळीच नको. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि मोकळ्या हवेची बाजू सोसायटीने ठरवून द्यावी. नुसती बंदी घातली तर माणसे बॅटरी काढून घरात, दाराशी चार्ज करतात, आणि ते अधिक वाईट.

प्रश्न : माझे परळ भागात लहान उपाहारगृह आहे. वर पोटमाळा असून तिथे सहा टेबले आहेत. तपासणीसाठी अधिकारी आले तर ते काय पाहतात? शेजारच्या एकाला थेट सील ठोकले, म्हणून धास्ती वाटते. (एक व्यावसायिक, परळ)

उत्तर : २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. तेव्हापासून आपल्या व्यवसायाकडे अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतात, आणि ते योग्यच आहे. ते प्रथम बाहेर पडण्याचे मार्ग पाहतात. पोटमाळ्यावरून उतरायला एकच अरुंद लोखंडी जिना आहे का, तो थेट स्वयंपाकघराजवळ उतरतो का, मागचे दार माल ठेवून बंद केले आहे का. नंतर गॅस : सिलिंडर किती, कुठे, साखळीने बांधलेले आहेत का. त्यानंतर चिमणीच्या नळकांड्यातील तेलकट थर. तो महिनोन्महिने साफ न केल्यास तव्यावरची एक उसळलेली ज्वाळा वरपर्यंत पोहोचते. आणि सजावट : बांबू, कापडी छत, प्लॅस्टिकची वेल.

परंतु सहा टेबलांचा पोटमाळा मंजूर नकाशात आहे का, हा आपला खरा प्रश्न आहे आणि तो आपण पत्रात विचारलेला नाही. मंजुरी माल ठेवण्याच्या माळ्याची असेल आणि तिथे ग्राहक बसत असतील, तर दहा अग्निशामक सिलिंडर टांगूनही तपासणीत तो दोष उरतोच. टेबले आजच खाली आणावीत. धंदा थोडा कमी होईल हे मला मान्य आहे, आणि आपल्यासारख्या लहान व्यावसायिकाला परवान्यांचे जंजाळ मोठ्यांपेक्षा जास्त जाचते हेही मी नाकारत नाही. अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहण्याचा आणि तपासणीतील त्रुटी लेखी मागण्याचा आग्रह मात्र धरावा. तोंडी सांगितलेली त्रुटी पुढच्या वेळी बदलते.

प्रश्न : मी एकोणिसाव्या मजल्यावर राहते. आई ८३ वर्षांची आहे, तिला जिना उतरता येत नाही. आग लागली तर आम्ही घरात थांबावे की बाहेर पडावे? आमच्या रेफ्यूज एरियाला (आगीच्या वेळी थांबण्याच्या मोकळ्या जागेला) सोसायटीने कुलूप लावले आहे, कारण तिथे मुले क्रिकेट खेळतात. (एक वाचक, लोअर परळ)

उत्तर : ताई, उत्तर आग कुठे आहे यावर अवलंबून आहे. आग आपल्याच घरात असेल, तर आईला घेऊन बाहेर पडावे आणि दार मागे ओढून घ्यावे. बंद दार धुराला बराच वेळ अडवते आणि शेजाऱ्यांना वाचवते. आग दुसरीकडे असेल, तर दाराला हाताची मागची बाजू लावून पाहावे. दार गरम असेल किंवा बाहेर धूर दाटला असेल, तर आईला घेऊन त्यात शिरू नये. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबावेत, एसी बंद करावा, धुराच्या विरुद्ध बाजूची खिडकी थोडी उघडावी, १०१ ला फोन करून मजला आणि घराचा क्रमांक सांगावा, आणि 'वृद्ध व्यक्ती आहे, चालता येत नाही' हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरच्या आगीत दहा वर्षांच्या एका मुलीने सुती कापड फाडून, ओले करून शेजाऱ्यांना नाका-तोंडावर धरायला दिले होते. शाळेत शिकलेली ही गोष्ट तिला ऐन वेळी आठवली. लिफ्ट कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, कारण लिफ्टची पोकळी धुरासाठी चिमणी होते. दलाचे जवान फायर लिफ्ट स्वतःच्या ताब्यात घेऊन चालवतात, ती गोष्ट वेगळी.

बाहेर धूर नसेल, तर आईला तळमजल्यापर्यंत नेण्याची गरज नाही. जवळच्या रेफ्यूज एरियापर्यंत न्यावे. उंच इमारतींत ठराविक उंचीनंतर आणि पुढे साधारण दर सात मजल्यांनी ही मोकळी जागा ठेवावी लागते, ती नेमकी आपल्या आईसारख्या माणसांसाठी. तिथे थांबलेल्यांना दलाचे जवान बाहेरून शिडीने किंवा जिन्याने काढतात. मुंबई दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडीही आहे, पण तिची गाडी इमारतीच्या आवारात शिरली तर. दलाच्या ना हरकत प्रमाणपत्रात आवारातील फरसबंदी ४८ टन वजनाच्या गाड्या पेलू शकेल अशी असावी, ही अट असते. तिच्या जागी आपल्याकडे फुलझाडांच्या कुंड्या, कारंजे आणि पाहुण्यांच्या मोटारी असतात. आपल्या आवारात काय आहे ते आज संध्याकाळी खाली उतरून पाहावे.

आणि ते कुलूप. सोसायटीला साधे पत्र द्यावे, की रेफ्यूज एरियाला कुलूप लावणे हा मंजुरीच्या अटीचा भंग आहे आणि पुढच्या 'नमुना ब'वर सही करणाऱ्या संस्थेला तो लेखी दाखवून दिला जाईल. पत्राची प्रत अग्निशमन केंद्राला जाईल, हे तळटीपेत लिहावे. क्रिकेटचा प्रश्न खरा आहे, तेव्हा मुलांसाठी दुसरी जागा सुचवावी आणि रेफ्यूज एरियाच्या कठड्याला उंच जाळी लावून घ्यावी, पण कडी काढावी. पुढच्या रविवारी सकाळी आईला व्हीलचेअरवर बसवून दारापासून तिथपर्यंत एकदा नेऊन पाहावे : उंबरठ्यावर चाक अडते का, फायर डोअर एकट्या माणसाला उघडता येते का, आणि मधल्या वळणावर शेजाऱ्यांचे चपलांचे कपाट आड येते का, हे त्या एका फेरीत कळेल.